खड्याचं वजन वजा

आमच्या घरात अंगठ्या पुष्कळ झाल्या. टिकली एकच. बाकीच्यांचे खडे तेवढे मागे राहिले.

ते खडे आज्जीच्या अफगाण स्नोच्या बाटलीत असत. जाड काचेची बुटकी बाटली, आत कापूस, कापसात खडे. आज्जीने जन्मात कधी तोंडाला स्नो लावला नसेल. बाटली कोळवण खोऱ्यातल्या आमच्या घरी आली कशी, हे कुणालाच सांगता यायचं नाही. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, घंटेच्या मागे तिची जागा. आम्ही सात चुलत भावंडं. दिवाळीत टिकल्या-केपा संपल्या आणि दुपार रिकामी पडली की आम्ही त्या बाटलीसाठी आज्जीच्या मागे लागायचो. ती पितळी ताटलीत कापूस सोडायची आणि एकेक खडा बोटाने पुढे सरकवायची. "ह्यो तुझ्या आईचा. ह्यो आत्याचा. ह्या गुंजा, त्या तोंडात घालायच्या न्हाईत, इख असतं."

खडे होते, तर त्यांच्या अंगठ्या कुठे होत्या, हे आम्ही कधी विचारलं नाही. पुढे एकेकाचं लग्न झालं, एकेकाने स्वतःची अंगठी सोनाराकडे नेली, तेव्हा उत्तर आपोआप कळलं.

गेल्या माघात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि ती बाटली पुन्हा खाली उतरली. पुतणी हिंजवडीला नोकरी करते. हिंजवडी मुळशी तालुक्यातच, पण आमच्या घरापासून तिथपर्यंतचं अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही. मुलगा कोल्हापूरचा, तिच्याच कंपनीतला. दोघांनी ठरवलं होतं की अंगठी हिऱ्याची नको. तिने पडवीत बसून फोनवर चित्रं दाखवली. काळ्या-करड्या ठिपक्यांचा हिरा, आत हिरवं रान उगवल्यासारखा दगड, वेलीसारखी वळलेली कडी, दोन बोटांत मिळून घालायची एक अंगठी. माझा भाऊ सगळं बघून घेऊन म्हणाला, "छान आहे. मोडायला गेलो तर काय येईल?"

पुतणी हसली. आम्ही कुणी हसलो नाही. आमच्या घरात अंगठीला पहिला प्रश्न हाच विचारला जातो.

*

आज्जीच्या बोटात अंगठी नव्हतीच. तिचं माहेर मुळशीच्या धरणात गेलं. १९२१ च्या रामनवमीला मावळातल्या शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला, तेव्हा ती सहा-सात वर्षांची. सेनापती बापटांचं नाव ती अखेरपर्यंत हात जोडून घ्यायची. धरण झालंच. पाणी कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे उतरलं, वीज मुंबईला गेली आणि आज्जी लग्न होऊन आमच्या खोऱ्यात आली.

तिचा साखरपुडा म्हणजे खरोखरच साखरेचा पुडा. चार जाणती माणसं बसली, मुलीला कुंकू लावलं, पदरात पुडा टाकला, सुपारी फोडली. "अंगठी?" आम्ही विचारायचो. "सुपारी फुटली म्हंजी तोंडचा शबूद झाला. त्याला आनि अंगठी कशाला?" बाई लग्नाची आहे हे पायातली जोडवी आणि गळ्यातलं डोरलं सांगायचं. हाताची बोटं चिखलाची आणि शेणाची. पुरुषांच्या बोटात असलीच तर चांदीची मुदी नाहीतर तांब्याचं वेढं.

सोनं आज्जीकडे थोडं होतं: डोरलं, बुगड्या, एक वाकी. त्याकडे ती शोभेची वस्तू म्हणून कधी बघत नसे. बैल दगावला की कुठला डाग जाईल आणि आजार आला की कुठला, याचा हिशेब तिच्या डोक्यात तयार असे. तो हिशेब गुंजांत चाले. कुंपणावरच्या वेलीला शेंगा तडकल्या की लाल अंगाच्या, काळ्या डोळ्याच्या गुंजा आम्ही गोळा करायचो. तिने आम्हाला पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या गुंजा ९६. पुढे ग्रॅम आले आणि लोक १० ग्रॅमलाच तोळा म्हणू लागले. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्याही वर. आज्जीने हे ऐकलं तेव्हा तिचा एकच प्रश्न होता, "मंग मधलं दीड गरम कुनी खाल्लं?"

*

अंगठी घरात आणली तात्यांनी, म्हणजे थोरल्या काकांनी. ते शाळामास्तर झाले होते, पुण्यात राहून शिकले होते, सिनेमे बघितले होते. १९६४ साली त्यांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी हट्ट धरला की साखरपुड्याला मुलीच्या बोटात अंगठी घालायची. वेळ मात्र चुकीची निवडली. चीनच्या लढाईनंतर, १९६३ च्या जानेवारीत, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं होतं. १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी. २२ कॅरेटच्या सोन्यात शंभरातले जवळजवळ ९२ भाग सोनं असतं, १४ कॅरेटमध्ये ५८ च, बाकी तांबं-चांदी. रंग तांबूस आणि धातू कडक. मऊ सोन्याला सरावलेल्या सोनारांचे हात त्यावर चालेनात, गिऱ्हाईक येईना, गावोगाव शेगड्या विझल्या. कितीतरी सोनारांनी दुसरे धंदे धरले, काहींनी जीव दिला.

अशा दिवसांत काकीची अंगठी झाली. १४ कॅरेटची, चार नख्यांत धरलेला एक लाल खडा. तिच्या माहेरच्या बायकांनी ती हातात घेऊन, उजेडात धरून, खाली ठेवली. "मुळशीवाल्यांनी पितळ घातलं" हे वाक्य काकीने स्वतःच आम्हाला शंभरदा सांगितलं असेल. आमच्या घरात तेव्हापासून 'चौदा कॅरेट' हा शब्द रुजला. कच्ची राहिलेली भाकरी चौदा कॅरेट. सातवीला दोनदा बसलेला मामा चौदा कॅरेट. अर्धा दिवस पडून उघडलेला पाऊस चौदा कॅरेट. थोड्या दिवसांनी काकीने घराच्या किल्ल्या हातात घेतल्या आणि तिला ऐकू जाईल असं ते म्हणायची कुणाची छाती राहिली नाही.

१९६६ मध्ये ती १४ कॅरेटची अट उठली. सगळे म्हणाले, मोडून २२ ची करून घ्या. काकी सोनाराकडे जाऊन आली. हातात जे पडणार होतं ते ऐकून तिने अंगठी पुन्हा बोटात घातली. पुढे घरावर चार वेळा वेळ आली, चारही वेळा डबे उघडले, आणि काकीच्या अंगठीकडे कुणी बघितलंच नाही. मोडून काय येणार?

*

आईची अंगठी पोवळ्याची. पत्रिकेत मंगळ होता, म्हणून ज्योतिष्याने सांगितलेली. १९६८ चं लग्न, आणि २२ कॅरेटची म्हणून सगळ्यांना कौतुक. पोवळं म्हणजे दगड नव्हे, समुद्रातल्या जिवांनी बांधलेलं घर, हे आम्हाला फार पुढे कळलं. घामाने, आंबटाने, साबणाने ते फिकं पडतं. आई मावळातल्या पावसात इरलं घेऊन आवण लावायची, चिंचेने भांडी घासायची. आठ वर्षांत शेंदरी पोवळं कच्च्या बदामाच्या रंगाला आलं. आई म्हणायची, "मंगळ उतरला." मग विहिरीवर ऑइल इंजिन बसवायचं ठरलं आणि अंगठी पौडच्या सोनाराकडे गेली.

मी आईबरोबर होते. सोनाराने टोच्याने कोंदण उकललं, पोवळं बाहेर काढलं, अंगठी तराजूत टाकली आणि म्हणाला, "खड्याचं वजन वजा." मग त्या फिक्या पोवळ्याची गुलाबी कागदात पुडी बांधून आईच्या हातावर ठेवली. "हा घ्या. हा तुमचा." तो गुलाबी कागद मी तळहातात धरून सबंध रस्ता चालत आले. घरी आल्यावर आज्जीने काही न विचारता बाटलीचं झाकण उघडलं.

धाकट्या काकीला पुष्कराज सांगितला होता. तो परवडणारा नव्हता. पण जुन्या माणसांनी याची सोय फार आधी करून ठेवली आहे. महारत्न झेपत नसेल तर उपरत्न: पुष्कराजाऐवजी सुनेला, माणकाऐवजी तामडा, नीलमऐवजी कटेला. हिऱ्याला पर्याय शोधणाऱ्या आजच्या मुलींना आपण काही नवं करतो आहोत असं वाटतं. आमच्याकडे पर्यायी खड्याला शब्दच होता आणि तो लाजायचा शब्द नव्हता. ग्रहालासुद्धा गिऱ्हाइकाची ऐपत कळते, असं तात्या म्हणायचे.

ती सुनेल्याची अंगठी मात्र बाटलीत कधी आली नाही. नदीकाठच्या खाचरात लावणी करताना ती काकीच्या बोटातून निसटली. त्या दिवशी सगळ्यांनी आवण सोडून चिखल चाळला. पुढची कैक वर्षं त्या खाचरात चिखलणी सुरू झाली की औतामागे चालणारा माणूस नांगराच्या तासाकडे बघत चालायचा. आमच्या सातबाऱ्यावर त्या तुकड्याचा गट नंबर होता. आम्ही त्याला अंगठीचं खाचर म्हणायचो.

*

मग आमची पाळी आली. १९८५ ते १९९५ या दहा वर्षांत सातही भावंडांची लग्नं झाली. आता साखरपुड्याला अंगठी हवीच, नुसता कुंकवाचा कार्यक्रम म्हटलं तर लोक विचारायचे, काही बिनसलंय का? हे कुठून आलं? काही सिनेमातून, काही पुण्यातून. आणि सिनेमात कुठून आलं, तर फार लांबून. हिरा म्हणजे कायमचा, ही जाहिरातीची ओळ फ्रान्सेस गेरेटी नावाच्या बाईने १९४७ मध्ये डी बिअर्स कंपनीसाठी लिहिली आणि तिथून जगभरच्या मुलींच्या बोटात हिरा आला. आमच्या खोऱ्यात तो हिरा पोचला नाही, फक्त बोट पोचलं.

लाल एसटीने पौडहून चांदणी चौक ओलांडून पुण्याला जायचं, लक्ष्मी रोडवर तीन दुकानं हिंडायची, सोबत सात माणसं. मुलगी नसायची. तिच्या बोटाचं माप म्हणून दोऱ्याचा एक फास काकांच्या खिशात असायचा, आणि तो फास पुण्याला पोचेपर्यंत ओढून लहान नाहीतर सुटून मोठा झालेला असायचा. माझ्या पिढीतल्या प्रत्येक बाईला विचारून बघा: साखरपुड्याच्या अंगठीच्या आतल्या बाजूला दोरा गुंडाळला होता की नाही? माझ्या अंगठीला पांढरा होता, हळदीने पिवळा झालेला.

नमुने तेव्हाही चमत्कारिकच होते. नवऱ्याच्या नावाचं इंग्रजी पहिलं अक्षर, त्यात मिना भरलेला. बदामाच्या आकारात दोन अक्षरं. नऊ रंगांच्या नऊ खड्यांची नवरत्न. पुरुषांना गणपती नाहीतर घोड्याचा नाल. माझ्या अक्षराच्या भोवती अमेरिकन डायमंडचे अकरा खडे होते. त्यांत अमेरिकन काहीच नव्हतं. झिरकोनियाचे हे खडे कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवायची रीत सोव्हिएत रशियातल्या शास्त्रज्ञांनी बसवली आणि १९७६ च्या सुमारास ते बाजारात आले. शीतयुद्ध चालू असताना मुळशीत रशियन खड्याला आम्ही अमेरिकन म्हणून बोटात घालत होतो.

माझी अंगठी १९९६ मध्ये कोथरूडच्या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यात गेली. अकराही खडे परत मिळाले. आज्जी तेव्हा होती. तिने ते मोजून घेतले.

भावाची अंगठी कथेसारखी गेली नाही, ती आली कथेसारखी. २००० नंतर हिंजवडीचं वारं पिरंगुट, घोटवडे ओलांडून आत आलं. नदीकाठचा तुकडा बंगल्यांच्या प्लॉटसाठी मागायला माणसं आली. अंगठीचं खाचर विकलं तेव्हा धाकटी काकी बांधावर उभी होती. भाऊ म्हणाला, काकी, तुझ्या अंगठीचेही पैसे त्यात धरलेत. त्या वर्षी त्याच्या बोटात दोन तोळ्यांची अंगठी आली, वाघाच्या तोंडाची, डोळ्यांत दोन लाल खडे. गावोगाव तशी बोटं दिसायची. लोक त्यांना गुंठामंत्री म्हणायचे. २०१८ मध्ये प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' आला आणि जे आम्ही बांधावरून बघितलं होतं ते सगळ्या महाराष्ट्राने पडद्यावर बघितलं. भावाचा वाघ तोवर गेला होता. त्याचे दोन लाल डोळे बाटलीत आहेत.

*

तर अशी ती बाटली पुतणीने माघातल्या त्या रविवारी पडवीत पालथी केली. आम्ही सातांपैकी पाच जण होतो. थोरली काकी खाटेवर. सहा दशकांचा ऐवज एका ताटलीत मावला आणि आमच्या लक्षात आलं की जे विकता आलं नाही तेवढंच आमच्याजवळ राहिलं आहे.

पुतणीला आधी वाटलं होतं की खडा आपल्याच रानातला घ्यावा. आमची विहीर खणताना सुरुंगाने उडवलेल्या काळ्या दगडात पांढऱ्या लखलखीत स्फटिकांची पोकळी निघाली होती, त्याचा एक तुकडा अजून कोनाड्यात आहे. दख्खनचा हा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे हे स्फटिक वाढले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट बघायला तर जगभरचे संग्राहक येतात. आम्ही लहानपणी रात्री गोधडीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासायचो. आत फिका उजेड पडायचा आणि जळका वास यायचा. आज्जी ओरडायची, "घर जाळताय का काय?"

पुण्यात एक मुलगी स्वतःच्या छोट्या कार्यशाळेत अशा निराळ्या अंगठ्या करते. पुतणी मला आणि काकीला घेऊन तिच्याकडे गेली, बाटलीसकट. तिने कोनाड्यातला स्फटिक हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. "हा बोटात टिकायचा नाही." खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी एक मोजपट्टी आहे, १८१२ मध्ये मोस नावाच्या माणसाने बसवलेली. हिरा १०, माणिक-नीलम ९, गारगोटी ७. घरातल्या साध्या धुळीत गारगोटीचे कण असतात. म्हणजे सातच्या खालचा कुठलाही खडा नुसत्या पुसण्यानेही झिजत जातो. विहिरीतला आमचा स्फटिक ४-५ च्या घरातला. आईचं पोवळं त्याहून मऊ. मोतीही तसाच. कारखान्यात वाढवलेला हिरा घ्या, तिने सुचवलं, तोही खराच कार्बन असतो. आणि एक मॉइसनाइट दाखवला. हे खनिज हेन्री मॉइसाँला १८९३ मध्ये ॲरिझोनात पडलेल्या उल्केच्या तुकड्यांत सापडलं, आता ते कारखान्यात बनतं. काकीने एवढंच ऐकलं की आभाळातून पडलंय. "नको," ती म्हणाली, "शनीचा असंल."

मग त्या मुलीने भिंगातून बाटलीतले खडे तपासले. अमेरिकन डायमंड अंधुक झालेले. वाघाचे डोळे नुसती काच. "आणि आजी, तुमच्या बोटातली बघू?"

काकीची अंगठी निघेना, सांधे सुजलेत. तिने हात टेबलावर तसाच ठेवला. मुलगी वाकून बराच वेळ बघत राहिली. "आजी, हा माणिकच आहे. पण खाणीतला नाही." आतल्या रेषा वळलेल्या होत्या. जमिनीत वाढलेल्या माणकात त्या सरळ, कोनात असतात. ज्वाळेत पूड वितळवून माणिक बनवायची युक्ती ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच माणसाने १९०२ मध्ये जाहीर केली, आणि त्यानंतर जगभर स्वस्त लाल खड्यांचा पूर आला. आपल्याकडे त्रिचीला असे खडे घासून पैलू पाडणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत. म्हणजे पुतणी ज्याला नवी टूम समजत होती, तो कारखान्यात वाढवलेला खडा १९६४ मध्येच आमच्या घरी आला होता. १४ कॅरेटमध्ये बसून.

मी काकीकडे बघायचं टाळलं. साठ वर्षं तिने तो माणिक म्हणून मिरवला होता. पितळ घातलं म्हणणाऱ्यांना तिचं एकच उत्तर असे: सोनं कमी असंल, खडा राजाचा हाय.

काकीने हात मागे घेतला, पदराने अंगठी पुसली. "साठ वर्षं लाल ऱ्हायला ना? हिच्या आईचं पवळं आठ वर्षांत मेलं. हिच्या भावाच्या वाघाचे डोळे काचेचे. मंग माझाच खरा."

पुतणीने विचारलं, "मोठी आई, हाच माझ्या अंगठीत बसवला तर?" तिला वाटलं असावं, असं विचारलं की म्हाताऱ्या माणसाला भरून येतं.

"आनि मी काय घालू?" काकी म्हणाली.

*

शेवटी पुतणीने घेतला तो मॉस ॲगेट. अकीकाचाच भाऊ, तोही याच दख्खनी दगडाच्या पोटात सापडणारा, कठीणपणा सातच्या आसपास. नाव शेवाळाचं, पण आत शेवाळ नाही. पारदर्शी दगडात हिरव्या खनिजाचे धागे पसरलेले. प्रत्येक खडा निराळा. हा उजेडात धरला तर लावणीच्या दिवसांतलं खाचर दिसतं, पाण्यात उभी राहिलेली रोपं. भाऊ बघून म्हणाला, "अंगठीचं खाचर परत आलं की. फक्त गुंठे कमी आलेत." कड्याला दोन्ही बाजूंनी भाताची लोंबी कोरून घेतली. बंद कोंदण, म्हणजे खड्याची कड झाकलेली राहील. आणि सोनं १४ कॅरेटचं. आम्ही सगळ्यांनी एकदम मान वर केली. ती मुलगी समजावत होती की २२ कॅरेट मऊ, रोज वापरात खड्यावरची पकड ढिली होते, १४ ची पकड घट्ट, हल्ली पुष्कळ जण मुद्दाम १४ मागतात, हॉलमार्कसुद्धा मिळतो, आत ५८५ आकडा असतो. काकीने काही म्हटलं नाही. फक्त माझ्या गुडघ्यावर दोन बोटं आपटली.

साखरपुडा घरीच झाला, अंगणात. अंगठी घालण्याआधी काकीच्या आग्रहाने सुपारी फोडली आणि दोघांच्या ओंजळीत साखरेचा पुडा दिला. माप बरोबर होतं. दोरा गुंडाळावा लागला नाही.

बिल भावाने जपून ठेवलं आहे. एकूण वजन ३.४८० ग्रॅम, खडा ०.२५०, निव्वळ ३.२३०. काकी म्हणाली, गुंजांत सांगा. आम्ही फोनवर हिशेब केला: साडेसव्वीस गुंजा. बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं आहे की दागिना परत घेताना खड्याची किंमत धरली जाणार नाही. पुतणीने ते वाचलं की नाही, माहीत नाही. आम्ही पाचही जणांनी वाचलं.